सतरा मिलिमीटर

ट्रकच्या प्लास्टिक मॉडेलचा किट उघडला की हात आधी केबिनकडे जातो. खोक्यावर चित्र तिचंच असतं. रंगाची हौस तिथे भागते, काचा-आरसे तिथे, चालकाची सीट आणि स्टिअरिंगही तिथेच. खालची चेसिस बहुतेक जण एका बैठकीत चिकटवतात, तिच्यावर काळ्या रंगाचा फवारा मारतात आणि केबिन बसली की तिच्याकडे पुन्हा पाहत नाहीत. मला हे पटत नाही. ट्रक म्हणजे चेसिस. केबिन आणि हौदा तिच्यावर चढवतात, जुने झाले की उतरवून नवे बसवतात. गाडीची ओळख मात्र चेसिसच्या तुळईवर ठोकलेल्या आकड्यांतच राहते.

इंदूरच्या राजेंद्रनगरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या वस्तीच्या कडेनं आग्रा-मुंबई रस्ता जातो; इथे त्याला सगळे ए. बी. रोडच म्हणतात. बायपास होण्याआधी मुंबई-पुण्याकडून उत्तरेला जाणारी वाहतूक ह्याच रस्त्यानं गावात शिरायची, आणि तिच्यात नव्याकोऱ्या उघड्या चेसिसचे ताफे असायचे. केबिन नाही, हौदा नाही. पुढे इंजिन, जवळच लाकडी खोक्यावर किंवा फळीवर बसलेला चालक, डोक्यातोंडाला घट्ट गुंडाळलेला पंचा, डोळ्यांवर गॉगल. मागे नुसत्या दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांच्याखाली चाकं. ऐन जानेवारीत, मानपूरचा घाट चढून, अंगावर वारा घेत ही माणसं यायची आणि पुढे ग्वाल्हेर-आग्र्याकडे निघून जायची. वाटेत पाऊस लागला तर पाऊस, धूळ लागली तर धूळ. मालवाहतुकीच्या धंद्यात ज्यांचं नाव कुणी घेत नाही अशी ही माणसं, आणि देशातल्या कितीतरी ट्रकांचा पहिला प्रवास त्यांनी केला आहे. माझ्या मनात ट्रकचं जे रूप आहे ते तेव्हापासून हेच: उघडं, ज्यात कुठला भाग कशासाठी आहे ते स्वच्छ दिसतं.

तशी एक चेसिस १:२४ मापात करायची हे बरेच दिवस मनात होतं. पुण्याच्या मावसभावानं इटालेरी ह्या इटालियन कंपनीचा एक किट दिला आणि कामाला निमित्त मिळालं. किट युरोपातल्या ट्रॅक्टरचा. शेतातला नव्हे, ट्रेलर ओढणारा, ज्याला आपल्याकडे ट्रान्सपोर्टवाले घोडा म्हणतात तो. ट्रेलरचा भार आणि ओढ पाचव्या चाकाखाली, म्हणजे ट्रेलर जोडायच्या तबकडीखाली, गोळा झालेली असते, म्हणून घोड्याची चेसिस आखूड असते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस, किटमध्ये १५८ मिलिमीटर होता. खऱ्या मापात ३.८ मीटर. मला हवी होती टाटाच्या १६१३ च्या वर्गातली दोन एक्सलची गाडी. त्या आकड्यातले पहिले दोन अंक एकूण वजनाचे टन सांगतात आणि पुढचे दोन अश्वशक्ती: १६ टन, १३० च्या आसपास. हा हिशेब टाटांकडे जर्मनीतून आला. टेल्को १९४५ ची, डाइम्लर-बेंझशी करार १९५४ चा, आणि १९६९ मध्ये तो संपल्यावरही आकड्यांची ती पद्धत राहिली. अशा गाडीसाठी मी व्हीलबेस धरला ४.२ मीटर. २४ नं भागलं की १७५ मिलिमीटर. म्हणजे किटच्या चेसिसमध्ये चाकांच्या मधे सतरा मिलिमीटर घालायचे.

बोटाच्या एका पेराहून कमी अंतर. पण ते एकटं येत नाही. व्हीलबेस वाढला की प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, लांबतो. लांब शाफ्ट वेगात फिरताना मधे झोल खातो, म्हणून त्याचे दोन तुकडे करून मधे सेंटर बेअरिंग द्यावं लागतं. ते बेअरिंग हवेत लटकत नाही. त्याला वर आडवी तुळई लागते. ती आली की आधीच्या आडव्यांमधली अंतरं पुन्हा जुळवावी लागतात. हवेच्या ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, हवेच्या टाक्यांच्या जागा, सगळं सरकतं. मागच्या चाकापलीकडे निघालेला भाग तर वेगळाच विषय. घोड्याला तिथे हातभर जागा पुरते. हौद्याच्या गाडीला ती बरीच लांब लागते. मोटार वाहन नियमांनी त्याला हद्द घातली आहे, व्हीलबेसच्या साठ टक्क्यांची. ४.२ मीटरला ती २.५२ मीटर होते, मॉडेलमध्ये १०५ मिलिमीटर. मधे घालायची लांबी थोडी आणि शेपटीला जोडायची भरपूर, असा हा प्रकार. मी हद्द गाठली नाही, थोडा अलीकडेच थांबलो. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या तशाच असतात.

मापं घ्यायला मी ट्रान्सपोर्ट नगरात गेलो. तिथे एका बॉडी बिल्डरच्या आवारात केबिन उतरवलेली एक जुनी गाडी उभी होती. टेप आणि वही काढून तुळईची उंची मोजली: नऊ इंच. पोलादाची जाडी जेमतेम सात मिलिमीटर. मिस्त्री जरा वेळ बघत राहिला, मग जवळ आला. मॉडेल कशाचं, केवढं, हे सगळं विचारून झाल्यावर त्यानं तुळईवर खडूनं तीन रेघा ओढल्या, एक वरच्या पट्टीवर, एक खालच्या, एक मधल्या उभ्या भागावर. "भाऊसाब, ऊपर-नीचे छेद मत करना. बीच में करो, जितने करना हों." मी म्हटलं, माझी गाडी प्लास्टिकची आहे, वितभर. तो म्हणाला, "तो क्या हुआ? देखने वाला तो देखेगा."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि चेसिसचं अर्धं शास्त्र त्या तीन रेघांत येतं. तुळईवर भार आला की ती वाकू पाहते. चाकांमधल्या भागात वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधोमध एक अशी पातळी असते जिथे ना दाब ना ताण. म्हणून लोखंड वर आणि खाली जास्त हवं आणि मधे कमी चालतं. म्हणूनच तुळईचा छेद इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा. भोकं पाडायची तर मधल्या उभ्या भागावर. कडेच्या पट्टीला भोक पाडलं किंवा वेल्डिंगचा चटका दिला की भेग तिथून सुरू होते, आणि भरलेल्या गाडीत भेग थांबत नाही. मॉडेलवर भार नाही. पण जो माणूस रोज चेसिसखाली झोपून काम करतो, त्याला चुकीच्या जागचा बोल्ट लगेच खटकतो. अशा माणसानं पाहिलं तर त्याला ती गाडी पटावी, एवढीच माझी अपेक्षा. ट्रान्सपोर्ट नगरातून परत येताना माझ्या वहीत मापांपेक्षा बोल्टांच्या जागाच जास्त होत्या.

आता कापायचं कुठे? इथेही खऱ्या गाडीचा नियम मॉडेलला लागू पडतो. पाट्यांच्या, म्हणजे चाकांवरच्या बाकदार पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, ब्रॅकेटजवळ नाही, आडव्या तुळईजवळ नाही, जिथे भार तुळईत उतरतो तिथे मुळीच नाही. केबिनच्या मागे आणि मागच्या पाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटच्या अलीकडे एक रिकामा पट्टा मिळतो. कापायचं ते तिथे. आणि दोन्ही तुळया एका रेषेत कापायच्या नाहीत. डावीचा सांधा थोडा पुढे, उजवीचा थोडा मागे. दोन्ही सांधे समोरासमोर आले की फ्रेम तिथे बिजागरी होते. खऱ्या गाडीत आतून पट्टी लावतात तेव्हा तिची टोकं चौकोनी ठेवत नाहीत, तिरपी उतरती करतात, कारण जाड लोखंड जिथे अचानक संपतं तिथे ताण साचतो. मी प्लास्टिकमध्येही आतली पट्टी तशीच तिरपी केली. ह्यात दिखाऊपणा नाही. तिरप्या टोकाला चिकटायला जागा जास्त मिळते, आणि सांध्याची रेघ डोळ्याला सापडत नाही.

कायदा इथे आठवतो. मोटार वाहन कायद्याचं, १९८८ च्या, कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेले, कंपनीनं ठरवलेले तपशील बदलतील असा फेरफार मालकाला वाहनात करता येत नाही. कायदा योग्यच आहे. ज्यानं तुळईचा हिशेब केला त्यानंच तिची लांबी ठरवावी. पण त्यामुळे असं होतं की खरी चेसिस कापण्याचा अनुभव फार थोड्यांच्या वाट्याला येतो, आणि भार कुठून कुठे जातो हे हातानं शिकायचं तर मॉडेलसारखी जागा नाही.

घालायचा तुकडा कशाचा, हा प्रश्न इंदुरात सुटायला जरा फिरावं लागतं. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं, आणि त्याचा पातळ सिमेंट, म्हणजे जोडायचा द्रव, प्लास्टिक चिकटवत नाही, विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो आणि सांध्याच्या जागी सलग प्लास्टिक उरतं. वेल्डिंगच म्हणा. पण त्यासाठी दोन्ही बाजूंना तेच प्लास्टिक हवं. खजुरी बाजारात सनबोर्ड सहज मिळतो, पण तो फुगवलेला पीव्हीसी, इथे कामाचा नाही. सनपॅक पॉलिप्रॉपिलीनचा, त्यावर हा सिमेंट ओघळून जातो. लागते ती हिप्स शीट, जी व्हॅक्युम फॉर्मिंगवाले ट्रे आणि पॅकिंगसाठी वापरतात. ती पॉलिस्टायरीनच्याच घराण्यातली. अशा एका कारखान्यातून कडेच्या कापलेल्या पट्ट्या मिळाल्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आणि एक मिलिमीटरच्या. त्यांतून सी आकाराची तुळई तीन पट्ट्यांनी बनते: एक उभी, दोन आडव्या. आतल्या कोपऱ्यात ब्रशचं टोक टेकवलं की सिमेंट आपोआप फटीत ओढला जातो. ब्रश फिरवायची गरज नाही, फिरवूही नये. माळव्यात हे काम रात्री करावं. उन्हाळ्यातही इथली रात्र निवते, द्रव हळू उडतो, आणि सांधा मऊ असेपर्यंत तुकडा सरळ करायला उसंत मिळते. मे महिन्यातल्या दुपारी तो ब्रशवरच सुकतो.

सरळपणा हा ह्या कामाचा गाभा. जाड काचेचा तुकडा, सुताराचा छोटा गुण्या आणि कपड्यांचे चिमटे एवढ्यावर माझं काम झालं. दोन्ही तुळया काचेवर उलट्या ठेवायच्या, म्हणजे वरची सपाट बाजू काचेला टेकते. आडव्या बसवून गुण्या लावायचा, आणि मग कर्ण मोजायचे: पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत, आणि उलट. दोन्ही सारखे आले तर फ्रेम काटकोनात आहे, नाहीतर ती एका बाजूला कलली आहे, मग डोळ्याला कितीही सरळ दिसो. फुटपट्टीऐवजी कंपासपेटीतला डिव्हायडर वापरावा. त्याला आकडे नसतात, म्हणून तो खोटं सांगत नाही. अपघातात सापडलेल्या गाडीची चेसिस तपासतानाही हेच करतात, दोरी आणि ओळंबा घेऊन जमिनीवर खुणा करतात आणि कर्ण ताणून बघतात. चाकं बसल्यावर एक परीक्षा राहते. चारही ठिकाणी चाकाखाली वर्तमानपत्राच्या कागदाची अरुंद पट्टी सरकवायची आणि एकेक हलकी ओढायची. जी सहज निघून येते ते चाक हवेत आहे.

ह्या सरळपणाबद्दल मी खूप विचार केला, कारण खरी चेसिस अशी नसतेच. ती पिळवटते, आणि पिळवटावी अशीच बनवलेली असते. ह्या बांधणीला शिडीची फ्रेम म्हणतात, आणि शिडीच्या दोन पायांपैकी एक दगडावर आला तर ती जशी थोडी मुरडते तशीच ही. पुढचं डावं चाक खड्ड्यात, मागचं उजवं उंचवट्यावर, अशा वेळी फ्रेम ताठ राहिली तर एक चाक जमीन सोडेल, किंवा कुठेतरी लोखंड फाटेल. सी आकाराची उघडी तुळई वाकायला कणखर असते आणि पिळायला मऊ. तीच बंद पेटीच्या आकाराची केली तर पिळाला कितीतरी पट ताठ होते. उघडी ठेवण्यामागे लोखंडाची बचत आहे, बनवायची सोय आहे, आणि हे मुरडणंही आहे. आडव्या तुळया रिव्हेटनं बसवतात त्याचं एक कारण हेच. रिव्हेटचा सांधा जरासा देतो. हौदा बसवताना तुळईवर लाकडाची लांब पट्टी ठेवून वरून यू-बोल्टनं आवळतात, तीही ह्याचसाठी: लाकूड मधे थोडं दबतं, थोडं सरकतं, आणि कडेच्या पट्टीला भोक पाडायची वेळ येत नाही. भेरू घाटाच्या वळणावर भरलेला ट्रक उतरताना मागून नीट बघा. हौद्याचे मागचे कोपरे एका पातळीत असतात, आणि पुढची केबिन वेगळ्या कलात चाललेली दिसते. मधली फ्रेम तेवढी मुरडलेली असते.

मॉडेलची फ्रेम मात्र मी अजिबात न मुरडणारी केली. कारण वजन. माप २४ पट लहान झालं की घनफळ २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पट लहान होतं. १६.२ टनांची गाडी त्या हिशेबानं सव्वा किलोच्या आत येते, आणि प्लास्टिकचं मॉडेल तर त्याहूनही पुष्कळ हलकं. ज्या भारानं खरी फ्रेम मुरडते तो इथे नाहीच. मॉडेल मुरडलेलं दिसलं तर बघणाऱ्याला रस्ता आठवणार नाही, हात कच्चा वाटेल. म्हणून मी मधल्या आडव्यांच्या आत, खालून दिसणार नाहीत अशा, छोट्या तिकोनी पट्ट्या भरल्या. खऱ्या गाडीत त्या अपायकारक ठरल्या असत्या. इथे त्यांच्यामुळेच ती खरी दिसते.

जाडीचंही असंच. सात मिलिमीटर भागिले २४ म्हणजे ०.३ मिलिमीटरही नाही. किटमधली तुळई सव्वा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे खऱ्या मापात तीस मिलिमीटर जाड पोलाद. एवढं जाड पोलाद कुठल्याही ट्रकला नसतं. पण खरोखरच ०.३ ची तुळई केली तर ती उचलताना लवेल. उपाय असा की जाडी आत राहू द्यायची आणि फक्त दिसणारी कड पातळ करायची. वरच्या आणि खालच्या पट्टीची आतली कड बारीक कानशीनं आतून तिरपी घासायची, टोक कागदाएवढं होईपर्यंत. डोळा जाडी कडेवरूनच ओळखतो. हे घासणं कंटाळवाणं आहे असं म्हणणारे भेटतात. मला ते ह्या सगळ्या कामातलं सर्वांत सुखाचं वाटतं. कान बंद करून, दिव्याखाली, एकाच दिशेनं कानस ओढत राहायची, आणि दर थोड्या वेळानं कड उजेडासमोर धरून बघायची.

पाटे मात्र अगदी नव्यानं करावे लागले. युरोपातल्या घोड्याला मागे हवेच्या फुग्यांचं सस्पेन्शन असतं. आपल्या गाडीला पाटे. फुगे आणि त्यांचे हात काढून टाकले, ब्रॅकेट घासून सपाट केले. मागच्या पाट्यातली एकेक पट्टी साधारण बारा मिलिमीटर जाड धरली तर मॉडेलमध्ये अर्धा मिलिमीटर, आणि अर्ध्या मिलिमीटरची शीट हाताशी होतीच. तिच्या अरुंद पट्ट्या कापल्या, स्टीलच्या पेल्याला बांधून उकळत्या पाण्यात धरल्या आणि लगेच गार पाण्यात बुडवल्या. बाक तसाच राहतो. खालची प्रत्येक पट्टी वरचीहून आखूड, आणि तिचा बाक किंचित जास्त. खऱ्या पाट्यातही असंच असतं: सुट्या ठेवल्या तर पट्ट्यांच्या मधे फट दिसते, मधला बोल्ट आवळला की त्या एकमेकींना दाबून बसतात आणि भार सगळ्यांत वाटला जातो. मुख्य पट्टीचं एक टोक पक्क्या डोळ्यात, दुसरं शॅकलमध्ये, म्हणजे झुलत्या कडीत, कारण पाटा दबला की सपाट होतो आणि सपाट झाला की लांबतो. त्या लांबीला झोका घ्यायला जागा लागते. शॅकल ताठ उभा चिकटवलेली मॉडेल्स मी पुष्कळ पाहिली आहेत. त्याचा कल बघून गाडी रिकामी की भरलेली ते कळतं.

आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उघडी चेसिस म्हणजे पाट्यांवर जवळजवळ काहीच भार नसलेली गाडी. मागे ती उंच असते, पाटे पूर्ण बाकदार, आणि वरचे हेल्पर पाटे, म्हणजे भार वाढला की मदतीला येणारे, आपल्या टेकूंना स्पर्शही करत नाहीत. बहुतेक किटमध्ये पाटे अर्ध्या भाराच्या उंचीला ओतलेले असतात, म्हणजे मॉडेल कशाही अवस्थेत ठेवा, ते एकाच उंचीला उभं. माझ्या चेसिसची मागची बाजू म्हणून मी मुद्दाम उचलली, आणि हेल्परच्या टोकाखाली वर्तमानपत्राचा कागद जाईल एवढी फट ठेवली. उलटं रूप बघायचं असेल तर आमच्या घरापासून जवळ चोइथराम मंडी आहे. रात्री बटाट्या-कांद्याच्या गाड्या येतात तेव्हा मुख्य पाटे सपाट झालेले, काही तर उलटे वाकलेले, आणि हेल्पर टेकूंवर पक्के बसलेले दिसतात. चार टायरच्या मागच्या एक्सलला पूर्वी १०.२ टनांची परवानगी होती, २०१८ मध्ये ती ११.५ झाली, आणि दोन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेलं. मागच्या एक्सलला कागदावर वाढलेल्या त्या १.३ टनांचा अर्थ मंडीच्या फाटकापाशी पाट्यांकडे बघितलं की कळतो.

स्टिअरिंगची बाजू बदलणं हे त्या मानानं सरळ काम, पण टाळता न येणारं. युरोपात चालक डावीकडे, म्हणून स्टिअरिंग बॉक्स डाव्या तुळईवर. तो उजवीकडे न्यायचा, त्याचा दांडा आणि पुढच्या चाकाला जोडणारा हात उजवीकडे आणायचा, डाव्या तुळईची भोकं भरायची. केबिन असती तर हे झाकलं गेलं असतं. उघड्या चेसिसमध्ये चालकाचं खोकं उजवीकडे आणि स्टिअरिंग बॉक्स डावीकडे असं कसं ठेवणार?

चाकांबद्दल थोडक्यात. किटचे टायर २२.५ इंची रिमचे, आपल्याकडच्या जुन्या गाडीचे १०.००-२०, म्हणजे २० इंची रिमचे. बाहेरचा व्यास जवळपास एकच निघतो, दोन्ही ४४ मिलिमीटरच्या आसपास. पण रिम अडीच इंचांनी लहान, मॉडेलमध्ये अडीच मिलिमीटरहून थोडी जास्त, आणि तेवढं रबर जास्त दिसतं. तोंडवळा तिथे बदलतो. रिमच्या कडेला लॉक रिंगची, म्हणजे टायर अडकवून ठेवणाऱ्या कड्याची, रेघ कोरली की गाडी देशी होते. रिव्हेटची डोकी वीस मिलिमीटरची, म्हणजे इथे ०.८, किटचे सुटे भाग ज्या सांगाड्याला लागून येतात त्याची काडी मेणबत्तीवर धरून ओढली की तिची बारीक तार होते आणि तिच्या चकत्या पडतात. ब्रेकच्या नळ्यांना जुन्या मोटरच्या वाइंडिंगची तांब्याची तार. रंग काळा, त्यावर हलकी धूळ. एवढंच.

काम झाल्यावर मी ते ट्रान्सपोर्ट नगरात दाखवायला नेलं. मिस्त्रीनं हात पुसले, चेसिस उलटी केली आणि वरून न बघता थेट खालून बघितली. सेंटर बेअरिंगची आडवी, पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकल, सगळ्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "भिया, इसपे बॉडी कब चढ़ाओगे?" चढवणार नाही, असं म्हटल्यावर त्याला ते लगेच समजलं, आणि त्यानं दुकानातल्या पोराला बोलावून कुठला भाग कशासाठी ते मॉडेलवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. भल्यामोठ्या गाडीखाली वाकून जे एकेक करून दाखवावं लागतं ते त्याच्या तळहातावर एकदम दिसत होतं. पोरगा शॅकलपाशी अडला. हा झुलता कशाला, असं त्यानं विचारलं. मिस्त्रीनं लोखंडाची पातळ पट्टी दोन्ही हातांनी बाकदार धरली, गुडघ्यावर दाबली, आणि तिची टोकं कशी बाहेर सरकतात ते त्याला दाखवलं.

त्याच बैठकीत पुढची गाडी ठरली: तीन एक्सलची, पंचवीस टनांच्या वर्गातली. तिथे मागे दोन एक्सल जवळजवळ असतात, त्या जोडीला बोगी म्हणतात, आणि बोगीच्या एका प्रकारात पाटा उलटा बसतो. त्याचा मध्य चेसिसला टेकलेला आणि दोन्ही टोकं दोन एक्सलवर. म्हणजे एरवी ब्रॅकेट आणि शॅकल अशा दोन ठिकाणांतून तुळईत शिरणारा भार इथे मधल्या एकाच जागी गोळा होतो, आणि तुळई तिथे आतून दुहेरी करावी लागते. ती दुहेरी पट्टी कुठे सुरू करायची आणि कुठे संपवायची, हे मला अजून मोजायचं आहे. देवास नाक्यावरच्या एका गॅरेजात अशी बोगी सध्या उघडून ठेवली आहे असं मिस्त्री म्हणाला. रविवारी टेप आणि वही घेऊन तिकडे जाणार आहे.